साचा मेक्सिकोचा, माणसे आपली : ‘हम लोग’ मालिकेच्या घडणीचा प्रकरण अभ्यास

परदेशी मालिका आपल्याकडे नव्याने करायची म्हटले की नावे, पोशाख आणि सण बदलले म्हणजे काम झाले, अशी समजूत अजूनही दिसते. कोलंबियातील ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’ या १९९९ सालच्या स्पॅनिश मालिकेवरून २००३ साली हिंदीत ‘जस्सी जैसी कोई नहीं’ आली, ते उदाहरण बहुतेकांना आठवते. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी झालेला प्रयोग मात्र वेगळा होता आणि माझ्या मते अधिक शिकवणारा होता. त्या वेळी स्पॅनिश मालिकेची कथा आली नाही, कथा रचण्याची रीत आली. त्या रीतीतून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. या अभ्यासात सार्वजनिक नोंदीत असलेल्या व्यक्तींचीच नावे घेतली आहेत. प्रेक्षकांपैकी कोणाचेही नाव नाही.

पार्श्वभूमी

या प्रकरणाची सुरुवात एका शिवणयंत्रापासून करावी लागते. १९६९ साली पेरू देशात ‘सिंप्लेमेंते मारिया’ नावाची मालिका सुरू झाली. मूळ मालिका अर्जेंटिनाची; पेरूने ती आपल्या प्रेक्षकांसाठी नव्याने केली होती, म्हणजे पुनर्निर्मितीची परंपरा तिथेच जुनी होती. खेड्यातून राजधानीत घरकामासाठी आलेली मारिया रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकते, सिंगरच्या यंत्रावर शिवणकाम करू लागते आणि त्या शिवणकामाच्या बळावर स्वतःच्या पायावर उभी राहते, असे तिचे कथानक. मालिका लोकप्रिय झाली, यात नवल नव्हते. नवल पुढे घडले. मालिका जिथे जिथे दिसली तिथे सिंगर यंत्रांची विक्री वाढली आणि घरकाम करणाऱ्या मुली शिवणवर्गात व साक्षरता वर्गात नाव घालू लागल्या. मारियाचे तिच्या शिक्षकाशी लग्न होते तो भाग लिमामधील एका चर्चमध्ये चित्रित झाला, तेव्हा हजारो लोक खऱ्या लग्नाला यावे तसे नटूनथटून तिथे जमले. मालिकेच्या कर्त्यांनी यातले काही ठरवून केले नव्हते.

मेक्सिकोतील तेलेविसा या वाहिनीसमूहात काम करणारे मिगेल साबिदो यांनी हे सारे बारकाईने पाहिले आणि एक साधा प्रश्न विचारला : जे चुकून घडले, ते ठरवून घडवता येईल का? त्यातून त्यांनी एक रीत बांधली. मालिकेत तीन प्रकारची पात्रे असावीत : जी अपेक्षित वर्तनाच्या बाजूने उभी आहेत ती, जी विरोधात आहेत ती, आणि मधली, डळमळणारी, हळूहळू बदलणारी. प्रेक्षकाने स्वतःला या तिसऱ्या गटात ओळखावे. पहिल्या गटाला कथेत फळ मिळावे, दुसऱ्याला किंमत मोजावी लागावी आणि तिसऱ्याने अडखळत, चुकत का होईना, बदलावे. भागाच्या शेवटी कोणीतरी आदरणीय व्यक्तीने अर्ध्या मिनिटात त्या दिवसाच्या प्रसंगाचा धागा प्रेक्षकाच्या हाती द्यावा. माणूस दुसऱ्याचे वागणे पाहून शिकतो, हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धान्त या रीतीच्या मुळाशी होता. १९७५ साली साबिदो यांनी प्रौढ साक्षरतेवर ‘वेन कोन्मिगो’ केली आणि १९७७ साली कुटुंबनियोजनावर ‘अकोम्पान्यामे’. साक्षरतेची पुस्तके कुठे मिळतात हे पहिल्या मालिकेच्या एका भागात सांगितले गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मेक्सिको शहरातील त्या ठिकाणी हजारोंची रांग लागली.

या रीतीचा भारताशी सांधा जुळला तो एका मराठी माणसामुळे. वर्ध्याचे खासदार वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. रंगीत दूरदर्शनचा आग्रह धरणारे मंत्री म्हणून ते लक्षात राहिले, पण मेक्सिकोच्या दौऱ्यात या मालिकांचा परिणाम समजून घेऊन तसे काही भारतात करावे हा विचार त्यांनी आणला, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी सांगितली जात नाही. मालिका पडद्यावर आली तेव्हा ते त्या खात्यात नव्हते. खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ती कल्पना पुढे नेली, लेखन हिंदी कादंबरीकार आणि संपादक मनोहर श्याम जोशी यांच्याकडे गेले आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे.

अडचण

वरवर पाहता अडचण भाषेची आणि वेशभूषेची होती. खरी अडचण वेगळी होती आणि ती तीन पदरी होती.

पहिला पदर विषयाचा. मेक्सिकोत कुटुंबनियोजन हा धर्माशी अडखळणारा विषय होता. भारतात तो आणीबाणीच्या आठवणीशी जखडलेला होता. १९७५ ते १९७७ या काळातील सक्तीच्या नसबंदीनंतर सरकारी तोंडातून निघणाऱ्या ‘छोटे कुटुंब’ या शब्दांकडे उत्तर भारतातील माणूस संशयाने पाहत होता. त्याच भागात, त्याच भाषेत, सरकारच्याच वाहिनीवरून तो विषय पुन्हा मांडायचा होता.

दुसरा पदर माध्यमाचा. तेलेविसा खासगी होती, रोज चालणाऱ्या मालिकांची तिला सवय होती, लेखकांपासून तंत्रज्ञांपर्यंत घडी बसलेली होती. दूरदर्शनकडे त्या वेळी लांब पल्ल्याची एकही मालिका नव्हती. दीडशे भाग लिहायचे, चित्रित करायचे आणि वेळेवर पोचवायचे याचा अनुभव कोणाच्याही गाठीशी नव्हता, आणि पैसाही नव्हता.

तिसरा पदर प्रेक्षकाचा. एकाच वाहिनीवरून, एकाच वेळी, सगळ्या देशाला एकच हिंदी मालिका दाखवायची होती. मेक्सिकोत स्पॅनिश सर्वांना कळत होती. इथे मुंबई-नागपूरच्या घरात हिंदी सहज उतरत होती, तमिळनाडूत उतरत नव्हती.

समोरचे पर्याय

मागे वळून पाहिले तर तीन वाटा स्पष्ट दिसतात. पहिली, एखादी मेक्सिकन मालिका घेऊन तिचे कथानक भारतीय घरात बसवणे. पुढे खासगी वाहिन्यांनी हीच वाट धरली, आणि मनोरंजन एवढाच हेतू असेल तर ती वाईट नाही. पण ‘अकोम्पान्यामे’मधील बहिणींचे संसार मेक्सिकोच्या चालीरीतींनी बांधलेले होते, सासू, एकत्र चूल, हुंडा, मुलीच्या लग्नाची काळजी यांना त्या कथानकात जागाच नव्हती. दुसरी वाट, प्रचारपट करणे. सरकारी यंत्रणेला ती पाठ होती, आणि तिचा परिणाम किती होतो हेही ठाऊक होते. तिसरी वाट, पात्रांचे तीन गट, भागाअखेरचे निवेदन आणि लांब चालणारी कौटुंबिक कथा एवढा सांगाडा घ्यायचा आणि माणसे मात्र इथल्या मातीतली घडवायची.

तिसरी वाट निवडली गेली. हा निर्णय मला या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण त्यामुळे जोशींसारख्या लेखकाला मोकळीक मिळाली. त्यांनी निम्न मध्यमवर्गीय घर उभे केले. दारूच्या नादी लागलेला बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, निवृत्त सैनिक दादाजी, तिखट जिभेची दादी. थोरली बडकी, सिनेमात जाण्याचे वेड घेतलेली मझली, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी, नोकरीच्या शोधातला लल्लू आणि क्रिकेटवेडा नन्हे. ही नावे ऐकूनच घर डोळ्यांसमोर येते. ‘बडकी’, ‘मझली’, ‘छुटकी’ ही मुलींची पाळण्यातली नावे नव्हेत, घरातल्या क्रमाने पडलेली हाका मारायची नावे आहेत. आपल्याकडे थोरली, मधली, धाकटी म्हणतात तशी. परकी मालिका भाषांतरित केली असती तर अशी नावे सापडली नसती.

पैशाचा प्रश्न प्रायोजकाने सोडवला. निर्मितीचा खर्च खासगी कंपनीने करायचा आणि बदल्यात जाहिरातीचा वेळ घ्यायचा, ही पद्धत दूरदर्शनने या मालिकेपासून रुजवली. त्या काळी बाजारात नव्याने आलेल्या मॅगी नूडल्सच्या कंपनीने ते प्रायोजकत्व घेतले. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सरकारला मालिकेतून संदेश पोचवायचा होता, प्रायोजकाला माणसे संचासमोर बसलेली हवी होती. हे दोन्ही हेतू एकाच गाडीला जुंपले गेले, आणि गाडी अडली तर लगाम कोणाच्या हाती, हे मला आधी ठरलेले दिसत नाही.

पहिले तेरा भाग

गाडी लवकरच अडली. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश उघडपणे, वारंवार येत होता. प्रेक्षक नाराज झाले. पात्रे आपसांत बोलत नसून आपल्याला समजावून सांगत आहेत, हे घरी बसलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात कळते, आणि एकदा कळले की तो जेवायला उठतो.

साबिदो यांच्या रीतीत हा धोका आधीच ओळखलेला होता. तिथे नाट्य आधी आणि संदेश त्याच्या पोटात. मारियाने यंत्र विकत घ्या असे कधी सांगितले नव्हते. ती यंत्रावर बसून शिवत होती, आणि तिचे दिवस पालटत होते. भारतात येताना रीतीचे शास्त्र आले, पण मालिका हळूहळू पेटवण्याची सवय आली नाही. ती सवय कागदावरून येत नाही, शंभर भाग लिहून येते. त्यात आणीबाणीची सावली होतीच. ज्या विषयाचा धसका आहे, त्याच विषयाने दार ठोठावले, तर कडी निघत नाही.

इथे निर्णयाची वेळ आली. संदेश तसाच रेटायचा, मालिका बंद करायची, की तोल बदलायचा? तोल बदलण्यात आला. कुटुंबनियोजन मागे गेले आणि स्त्रीचे घरातले स्थान, व्यसन, हुंडा, कुटुंबातील सलोखा, राष्ट्रीय एकात्मता असे विषय कथेच्या ओघात येऊ लागले. बडकीच्या लग्नाचा प्रश्न, मझलीचे मुंबईला जाणे आणि तिथे फसणे, छुटकीचा अभ्यास, बसेसरची दारू यांना जागा मिळाली. मालिका सुधारली आणि लोकांची झाली, पण ज्यासाठी मेक्सिकोचा साचा आणला होता तो मुख्य हेतू त्या दुरुस्तीत बाजूला पडला. ही किंमत होती, आणि ती मोजली गेली.

अशोक कुमार यांचे अर्धे मिनिट

साच्यातील एक भाग मात्र मूळ जागेपेक्षाही इथे सुरेख बसला. भाग संपताना अशोक कुमार पडद्यावर येत. सत्तरी ओलांडलेले, साऱ्या देशाला ‘दादामुनी’ म्हणून ठाऊक असलेले. ते अर्धे-पाऊण मिनिट बोलत, घडलेल्या प्रसंगाबद्दल प्रेक्षकालाच प्रश्न विचारत, ‘छन पकैया, छन पकैया’ म्हणत एखादी दोन ओळींची तुकबंदी जोडत. छन पकैया ही उत्तरेकडे लग्नात नवरदेवाला मेव्हण्या म्हणायला लावतात ती चाल. उपदेशाला थट्टेचा सूर मिळाला, आणि तो सूर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून आला.

हे निवेदन मालिकेच्या बाहेर होते, म्हणून चालले. पहिल्या तेरा भागांत जो उपदेश पात्रांच्या तोंडी खटकला होता, तोच दादामुनींच्या तोंडी लोक ऐकून घेत. कथेतल्या माणसाने कथेत राहावे आणि सांगणाऱ्याने बाहेर बसून सांगावे, ही आपल्या कीर्तनाची आणि हरदासाची जुनी वाटणी आहे. आख्यान वेगळे, निरूपण वेगळे. मेक्सिकोहून आलेला हा तुकडा आपल्या प्रेक्षकाला परका वाटला नाही, त्याचे कारण मी यात शोधतो.

परिणाम

१७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली, तेव्हा १५६ भाग झाले होते. या काळात मालिकेला, मुख्यतः अशोक कुमार यांना, सुमारे ४ लाख पत्रे आली. पत्रांत लोक पात्रांना सल्ला देत, रागावत, लल्लूला नोकरी लावा म्हणून विनवत. बडकीचे लग्न दाखवले जाणार होते त्या संध्याकाळी उत्तर भारतातील काही बाजारपेठा लवकर बंद झाल्या. लिमामध्ये मारियाच्या लग्नाला जमलेली गर्दी आणि इथली ओढून घेतलेली दुकानांची फळकुटे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत : दोन खंड, दोन भाषा, मध्ये पंधरा वर्षांचे अंतर, आणि पडद्यावरच्या मुलीचे लग्न आपल्या घरचे मानणारी माणसे तीच.

व्यवहाराच्या बाजूने परिणाम आणखी ठोस होता. प्रायोजित मालिका चालते हे सिद्ध झाले, जाहिरातदार दूरदर्शनच्या दारी आले, आणि १९८६ साली जोशी यांच्याच लेखणीतून ‘बुनियाद’ आली. भारतीय दूरचित्रवाणीवर लांब मालिकांचे युग या एका प्रयोगातून सुरू झाले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दक्षिणेत मात्र मालिकेची पकड सैल राहिली. एका भाषेत लिहिलेले घर साऱ्या देशाचे घर होत नाही, हे पहिल्याच प्रयोगात दिसले होते.

भागवंतीचा प्रश्न

या प्रकरणातील ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचारात पाडले, ती इथे थोडी सविस्तर मांडतो.

साबिदो यांच्या रीतीप्रमाणे भागवंती हे टाळण्याजोगे उदाहरण होते. नवऱ्याची दारू, शिव्या, सासूचे टोमणे, घरातले अपमान हे सर्व ती मुकाट सोसते, आणि सोसूनही तिच्या वाट्याला सुख येत नाही. लेखकाचा हेतू स्पष्ट होता : असे सोसू नका. पण मालिकेवर नंतर झालेल्या अभ्यासात आढळले की प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांनी भागवंतीलाच आदर्श मानले होते, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांना तिच्यात चूक दिसली नाही, सोशिकपणा दिसला, आणि सोशिकपणा हा त्यांच्या लेखी गुण होता.

साच्यात ‘वाईट वागणाऱ्याला वाईट फळ’ असे सूत्र होते. भागवंतीला दुःख मिळाले, ते लेखकाने शिक्षा म्हणून लिहिले आणि प्रेक्षकाने तप म्हणून वाचले. आपल्या कथांत, ओव्यांत, व्रतांच्या कहाण्यांत सती-सावित्रीने दुःख सोसले की तिचे मोल वाढते. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास सांगणारी बाई स्वतःला दोष देत नाही, सोसण्याला अर्थ देते. मेक्सिकोच्या तक्त्यात हे घर नव्हते. पात्राला चांगले किंवा वाईट ठरवणारे चिन्ह लेखकाच्या हातात असते असे आपण समजतो. ते प्रत्यक्षात पाहणाऱ्याच्या संस्कारात असते. नवीन प्रेक्षकासाठी मालिका करताना कथा, भाषा, पोशाख आणि नावे यांच्याही आधी तपासायची गोष्ट हीच : कोणत्या वागण्याला इथे शाबासकी मिळते आणि कोणत्या वागण्याला दूषण.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, पात्रांचे नमुने आधी लोकांसमोर ठेवून पाहता आले असते. दोन-तीन प्रसंग चित्रित करून वेगवेगळ्या गावांतील वीस-पंचवीस बायकांना दाखवले असते, आणि ‘यांत तुम्हाला कोण आवडले, का’ एवढेच विचारले असते, तरी भागवंतीचे गणित पहिल्या महिन्यातच उमगले असते. याला मोठा खर्च लागत नाही.

दुसरी, आलेली पत्रे लेखनाच्या टेबलावर लवकर यायला हवी होती. लोक काय समजत आहेत याची एवढी मोठी नोंद चालू मालिकेच्या वेळीच हाताशी होती. भागवंतीला देवी मानणारी पत्रे दिसताच कथेत तिच्या शेजारी तिसऱ्या गटातली, डळमळणारी, एकदा तरी ताट बाजूला सारून उठणारी बाई उभी करता आली असती.

तिसरी, पडद्याबाहेरची व्यवस्था. मेक्सिकोत साक्षरतेची पुस्तके मालिकेच्या आधीच छापून केंद्रांत ठेवलेली होती. पाहणाऱ्याला उद्या सकाळी कुठे जायचे ते माहीत होते. ‘हम लोग’ पाहून मन वळलेल्या बाईने उठून कोणत्या दवाखान्यात, कोणाकडे जावे, याला मालिकेशी जोडलेले उत्तर नव्हते. दादामुनींच्या अर्ध्या मिनिटात एक पत्ता मावला असता.

चौथी गोष्ट भाषेची. एकच हिंदी मालिका देशभर दाखवण्याऐवजी तोच सांगाडा मराठी, तमिळ, बंगाली लेखकांच्या हाती देऊन प्रत्येक प्रादेशिक केंद्रातून स्वतंत्र घर उभे करता आले असते. मुंबई केंद्राकडे १९७२ पासूनचा अनुभव होता आणि मराठी रंगभूमीचे कसलेले नट-लेखक हाकेच्या अंतरावर होते. खर्च वाढला असता हे खरे, पण मराठी भागवंती कशी वागली असती, आणि विदर्भातल्या किंवा कोकणातल्या बायकांनी तिला काय म्हटले असते, ते आपल्याला कळले असते.

यातली काही शिकवण पुढे वापरली गेली. १९९२ साली जोशी यांनीच दूरदर्शनसाठी ‘हमराही’ लिहिली. तीत घरकाम करणाऱ्या अंगूरी या कोवळ्या वयाच्या मुलीचे लग्न लावून दिले जाते आणि ती बाळंतपणात मरते. तिचे सोसणे तप म्हणून वाचायला लेखकाने या वेळी जागा ठेवली नव्हती.